लाल ठिपक्याचं कार्ड

बिरगाव, रायपूर
४ ऑगस्ट २०२४

निरंजन,

जयभीम. तू रामराम म्हणणार नाही हे धरूनच पुढं लिहून राहिलो आहे.

चाळीस वर्षांत तुले पत्र लिहायची पाळी आली नाही. बिरगावातून बूढ़ापारा नऊ किलोमीटर, स्कूटर काढली की अर्ध्या तासात तुझ्या ओट्यावर. पण आता तू फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं तेही ऐकलं नाही. मागच्या इतवारी घरी आलो तर तुझ्या अनुश्रीनं दारातच सांगितलं, पापा सो रहे हैं. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि आतून तुझ्या रेडिओचा आवाज येत होता. पोट्टी बिचारी खोटं बोलताना खाली पाहून राहिली होती, म्हणून मी पाणीही न पिता परत फिरलो.

दीपमाला म्हणाली, तोंडानं जमत नसेल तर कागदावर लिहा. रिटायर झाल्यावर बायकोचं ऐकावं लागते. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या पोट्ट्यानं मले वरून खालपर्यंत पाहिलं, मग कपाट उघडून शोधायले लागला. नऊ किलोमीटर जायले हे पत्र चार दिवस घेईल म्हणे. हव म्हटलं, घेऊ दे.

अक्षर मोठं काढलं आहे, मिलमध्ये विजेच्या पॅनेलवर ‘खतरा’ लिहायचो तेवढं. तुले भिंग लागू नये म्हणून. डोळ्यात थेंब टाकून राहिला ना दोन्ही वेळ? काचबिंदूनं जेवढं नेलं तेवढं परत येत नाही, उरलं ते सांभाळा, हे डॉक्टरनं माझ्यासमोर तुले सांगितलं होतं. तेव्हा तू मान हलवली होती, पण तू मान तर साहेबासमोरही हलवायचा आणि ऑफिसात स्वतःचंच करायचा.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये मी ती फ्रेम आणून दिली तेव्हापासून तू बिनसला. काहून, ते मले कळून राहिलं नाही. लेहवरून आल्यावर तुझ्या कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं नाही. थंडीनं गेलं. त्यात माझा काय दोष? पंधरा दिवस खटपट करून मी त्यातला एक फोटो वाचवला, मोठा करून आणला, काच लावली. आयबिसबिल. ज्याच्यासाठी आपण दोघं साठीचे पोट्टे ऑक्सिजनच्या डब्या घेऊन त्या बोडक्या पहाडांत गेलो, तोच पक्षी. तू फ्रेम हातात घेतली, डोळ्याजवळ नेली, काचेवरून बोट फिरवलं, ‘बरं’ म्हणाला आणि आत निघून गेला. तुझ्या घरी चहा मागावा लागत नाही हे खरं, पण त्या दिवशी कोणी आणलाही नाही.

काही चुकलं असेल तर सांग. शिव्या दे. तुझ्या शिव्या मले पाठ आहेत, नवीन काही निघणार नाही.

तुझा
धर्मपाल


बिरगाव
२५ ऑगस्ट

निरंजन,

जयभीम. अनुश्रीचा फोन आला होता. बँकेतून, जेवणाच्या सुट्टीत, हळू आवाजात. म्हणाली, "काका, चिट्ठी मैंने पढ़कर सुनाई. पापा अब इतना बड़ा भी नहीं पढ़ पाते."

मी स्टुलावर चढून पंखा पुसून राहिलो होतो. खाली उतरून बसलो. मे महिन्यात तू पाटी वाचत होता बे. लेहच्या बाजारात जर्दाळूच्या पाकिटावरचे बारीक अक्षर वाचून मले दाखवले होते. की तेही अंदाजानं वाचलं होतं?

म्हणजे हेही तीच वाचून राहिली असेल. बेटा अनुश्री, काकाची मराठी तुले जड जाईल, पण बापाच्या तोंडची तुले समजते, तर हीही समजेल. जिथं अडशील तिथं गाळू नको.

रात्रंदिवस तोच प्रवास डोळ्यासमोर येऊन राहिला आहे. तुले आठवते, बूढ़ातलावाच्या कठड्यावर बसून आपण पहिला खंड्या पाहिला तेव्हा माझी मिलमध्ये नवीन नोकरी होती आणि तुझी रेल्वेत. तू ते पक्ष्यांचं जाड पुस्तक आणलं आणि त्यातलं एक पान दुमडून ठेवलं. आयबिसबिल. म्हणाला, धर्मपाल, हा आपल्या अख्ख्या खानदानात एकटाच आहे, याले ना भाऊ ना चुलतभाऊ. माझ्यासारखा. ते पान दुमडून दुमडून फाटलं, त्याले पट्टी लावली, ती पट्टीही पिवळी पडली. आपण खारून नदीचे बगळे काढले, गिधव्याच्या तलावावर थंडीत कुडकुडत बदकं काढली, एकसारखे दोन जुने कॅमेरे एकाच दुकानातून घेतले. कार्डंही एकसारखी. अदलाबदल होते म्हणून अनुश्रीनं तिच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका तुझ्या कार्डावर लावून दिला. पण ते पान राहूनच गेलं होतं. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तू दवाखान्याच्या पायरीवर एवढंच म्हणाला की या वर्षी नाही तर मग नाही.

पहिले दोन दिवस आपण लेहमध्ये नुसते पडून होतो. डोकं असं ठणकत होतं की जीव नकोसा झाला. दीपमालेनं दिलेली चिवड्याची पाकिटं तिथल्या हवेनं फुगली आणि एक फटकन फुटलं. तू पलंगावरून ओरडला, सिलिंडर फुटला, सिलिंडर. मग आपण पांघरुणावरून शेंगदाणे वेचून खाल्ले. तिसऱ्या दिवशी बाहेर आलो. ना झाड ना गवत, नुसते तपकिरी पहाड. तू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आपल्या उरल्याच्या भट्ट्यांची स्लॅग इथं आणून टाकतात का बे?" ड्रायव्हर स्टँझिनले काही समजलं नाही, तरी तो आपल्यासंगं हसला.

आणि चौथा दिवस. सिंधूचं पात्र, राखाडी गोट्यांचा पसारा. दोन तास काही नाही. मग स्टँझिन म्हणाला की तो दगड हलला. आपण पोटावर झोपलो. तू माझ्या डावीकडं, हातभर पुढं. पक्षी कसा होता ते तुले काय सांगू, तू तर पाहिलाच. तुझा कॅमेरा खटखट वाजत होता ते मले ऐकू येत होतं आणि मी मनात म्हणत होतो, घे, घे, पोटभर घे. तो उडाल्यावर मी विचारलं, मिळाला का? तू म्हणाला, मिळाला. मागच्या स्क्रीनवर दाखव म्हटलं तर म्हणाला, बॅटरी वाया नको घालू, घरी पाहू. परतताना जीपमध्ये तू एक शब्द बोलला नाही. मले वाटलं, जन्माचं काम झालं की माणूस असाच गप्प होत असेल. मी मात्र चाळीस मिनिटं बडबड करून राहिलो होतो.

आता सांगतो. तुले ते कळलंच असेल, म्हणून लपवून काही उपयोग नाही. फ्रेममधला फोटो तुझा नाही. माझा आहे. तू डावीकडं होता, तुझ्या फोटोत पाण्याचा पांढरा पट्टा पक्ष्याच्या मागं यायले पाहिजे होता. माझ्यात तो बाजूले आहे. दुसऱ्या कोणाले कळलं नसतं, पण तू कोन ओळखणार नाही असं मी काहून धरलं, कोण जाणे. तुझ्या कार्डातून काहीच निघालं नाही निरंजन. एकही नाही. तुझ्या हातात काहीतरी असावं म्हणून मी तसं केलं.

चुकलंच. पण एवढ्यासाठी चाळीस वर्षं तोडतात का?

धर्मपाल


बिरगाव
१५ सप्टेंबर

निरंजन,

फ्रेम पोचली.

काल अनुश्री स्कूटीवर घेऊन आली, जुन्या पेपरात बांधून, सुतळीची गाठ तुझ्या हातची. म्हणाली, "पापा ने बोला, ये आपका है." दीपमालेनं तिले पोहे दिले. पोट्टीनं दोन घास खाल्ले आणि उठली.

तू स्वतःले समजतो काय? मी दोन पत्रं लिहिली, माफीही मागितली, आणि तुझं उत्तर म्हणजे पेपरात बांधलेली काच. साहेबांची फाइल परत आली, शेरा नाही, सही नाही. रेल्वेच्या ऑफिसात हेच शिकला वाटते बत्तीस वर्षं. माझ्या बापाच्या मयतीत तू तीन दिवस माझ्या घरी जमिनीवर झोपला होता. तुझ्या घरी वहिनी गेल्या तेव्हा दीपमाला महिनाभर डबा करून देत होती आणि मी तो आणून राहिलो होतो. त्या माणसानं काढलेला फोटो तुझ्या भिंतीवर एवढा बोचला?

फ्रेम मी कपाटावर उलटी ठेवली आहे. दीपमाला म्हणते सरळ लावा. मी म्हटलं, ज्याची आहे त्याले नको, मले तर त्याहून नको.

आता पत्र लिहिणार नाही. पोस्टातल्या पोट्ट्याले बरं वाटेल.

धर्मपाल


बिरगाव
१४ ऑक्टोबर

निरंजन,

जयभीम.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाऊन आलो. दरवर्षी तुझ्यासाठी संत्राबर्फी आणतो, यंदाही हातानं आपोआप घेतली. गाडीत बसल्यावर आठवलं की द्यायची कशी. आज अनुश्रीच्या बँकेत ठेवून देतो, हे पत्रही त्याच पिशवीत. पोस्टानं गेलं तर माझा धीर सुटेल आणि मी डब्यात हात घालून परत काढीन.

तिथं पंचशील म्हणताना माझं काय झालं ते सांगतो. हजारो माणसं एका आवाजात म्हणून राहिली होती. मी लहानपणापासून म्हणतो, झोपेतही म्हणीन. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. आणि माझी जीभ अडली. आजूबाजूचे पुढं गेले, पाचवंही झालं, मी तिथंच. दीपमालेनं वळून पाहिलं. तिले वाटलं बीपी वाढला. पाण्याची बाटली उघडून दिली.

तर ऐक. कार्ड थंडीनं गेलं नाही.

आपलं रोजचं ठरलेलं होतं. संध्याकाळी तू वहीत दिवसभराच्या पक्ष्यांची यादी लिहायची, मी दोघांची कार्डं लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायची आणि मग कोरी करून सकाळसाठी कॅमेऱ्यात परत घालायची. विजेचं काम माझं, लिहिण्याचं तुझं. त्या दिवशी सात वाजता गावातली लाईट गेली. म्हणून तुझं कार्ड उतरवायचं राहिलं, असं मी घरी येऊन सांगितलं तेही खोटं. बोटं गारठली होती, चष्म्यावर वाफ धरून राहिली होती. मी माझंच कार्ड दोनदा उतरवलं. एकदा माझ्या नावानं, एकदा तुझ्या. आणि दोन्ही कार्डं कोरी केली. ज्या माणसानं पस्तीस वर्षं फ्यूज काढायच्या आधी तीनदा पाटी वाचली, त्यानं एक लाल ठिपका पाहिला नाही.

मग तुझ्या नावाचे फोटो उघडले तर त्यात माझा कोन. पुढचा, मागचा, सगळे माझे. तुले हाक मारणार होतो. तू भिंतीकडं तोंड करून पडला होता. मीच म्हटलं, फोटो पाहतो का? तू म्हणाला, आज नको, डोकं दुखते. आणि मी काय केलं? मले हायसं वाटलं.

इथपर्यंत चूक होती. चूक माणसाच्या हातून होते. आता पुढचं वाच, अनुश्री, थांबू नको.

कोरं केलेलं कार्ड खरं कोरं होत नाही. त्याच्यावर नवीन फोटो काढला नाही तर जुने परत मिळतात. मले हे माहीत होतं. गिधव्यावर बदकं पाहायले आलेल्या त्या डॉक्टरणीचं कार्ड मीच असं वाचवलं होतं, तू बाजूले उभा होता. म्हणजे त्या संध्याकाळी मी एवढंच बोललो असतो की निरंजन, उद्या हे कार्ड वापरू नको, तर तुझा पक्षी घरी आला असता. माझ्या खिशात जास्तीचं कार्ड होतं. पण त्याच्यावर ठिपका नव्हता. तू रोज सकाळी बोटानं ठिपका चाचपायचा, काहून बदललं विचारलं असतं. म्हणून मी तेच कार्ड तुझ्या कॅमेऱ्यात घातलं.

सकाळी तू त्या कड्यावरच्या कबुतरांचे अकराशे फोटो काढले. अकराशे. पुढं पाहिले तर निम्म्यांत नुसता पहाड होता, थंडीनं हात कापले असतील तुझे. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. प्रत्येक खटक्याले वाटायचं, आता गेला असेल, आता नक्की गेला. एकदा तोंड उघडलंही होतं. तू विचारलं, काय बे? मी म्हटलं, चहा घेतो का?

तू रागावशील म्हणून भ्यालो असतो तर बरं होतं. मले भीती ही होती की तू रागावणार नाही. जाऊ दे म्हणशील आणि तोंड फिरवशील. तुझ्या डोळ्यांनी काढलेलं शेवटचं ते होतं, आणि ते मी पुसलं. ते तुझ्या चेहऱ्यावर पाहायची माझी छाती नव्हती. म्हणून तुझा पक्षी मी एकदा चुकून पुसला आणि एकदा समजून उमजून. मग त्याच्यावर माझा चिकटवून, काच लावून तुले दिला. वर तुझ्यावरच रागावलो. मागचं पत्र फाडून टाक.

माफ कर म्हणायचं तोंड नाही. पण तू भेटला नाही तर मले होणार नाही रे. मिल सुटली, पाखरं सुटली तरी चालते. तुझ्याशिवाय नाही चालत.

बर्फी चार दिवसांत संपवा, दूध असते त्यात.

धर्मपाल


बूढ़ापारा
२४ ऑक्टोबर

धर्मपाल,

रामराम.

मी बोलून राहिलो आहे, पोट्टी लिहून राहिली आहे. तिची मराठी तिच्या आजीनं ऐकली असती तर कान धरला असता. समजून घे.

तुझं पत्र मी तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा ती मधेच रडायले लागली. दुसऱ्यांदा मी. तिसऱ्यांदा नीट झालं.

आता तू ऐक. आणि बसून ऐक, पंखा पुसू नको.

माझ्या कार्डात पक्षी नव्हता.

मी त्या दिवशी पक्षी पाहिलाच नाही. तू म्हणाला, तो बघ, दोन गोट्यांच्या मधात. स्टँझिन म्हणाला, वो देखो साहब. मी पाहिलं, सगळे गोटे. माझ्या डोळ्यात तेव्हा नळीतून पाहिल्यासारखं एवढंसंच उरलं होतं, त्यात कॅमेरा इकडं फिरवू का तिकडं, काही सापडेना. आणि तो दगडाच्या रंगाचा. तुम्ही दोघं श्वास रोखून होते. मग मी बटण दाबत राहिलो. जिथं तुझ्या कॅमेऱ्याचं तोंड होतं तिकडं, अंदाजानं. साडेतीनशे फोटो असतील, साडेतीनशे दगडं. दोनदा स्क्रीन डोळ्याले लावून पाहिलं, सगळे दगडच.

तू विचारलं, मिळाला का? तुझा चेहरा मले तेवढा नीट दिसला. असा फुलला होता की मी म्हणालो, मिळाला. चाळीस वर्षांचं पान होतं ते, मी नाही म्हणालो असतो तर तुझाही पक्षी गेला असता. म्हणून मी जीपमध्ये गप्प होतो. म्हणून डोकं दुखत होतं.

घरी येऊन तू म्हणाला, कार्ड थंडीनं गेलं. खरं सांगतो, मी त्या दिवशी देवापुढं दिवा लावला. सुटलो म्हटलं. आणि पंधरा दिवसांनी तू फ्रेम घेऊन आला, तुझ्या कार्डातला म्हणून. मले वाटलं, यानं कार्ड उघडलं. सगळे दगडं पाहिले. निरंजनले दिसत नाही, निरंजन खोटं बोलला, सगळं याले कळलं, आणि आता दया येऊन यानं मले त्याचा पक्षी भिकेत दिला. चाळीस वर्षांत तू मले कधी लहान केलं नव्हतं धर्मपाल. तुझ्यासमोर यायची मले लाज वाटून राहिली होती. तू पत्रात लिहिलं की फोटो माझा, तेव्हाही वाटलं की दगडांचं हा अजून झाकून राहिला, माझी इज्जत राखून राहिला. तेच जास्त लागलं. म्हणून फ्रेम परत केली.

तू पाच महिने ज्याच्यासाठी जळला, ते साडेतीनशे गोटे होते बे. वाचले असते तर मीच विहिरीत टाकले असते.

कबुतरांच्या सकाळचा राग मात्र आहे. पक्षी असता तर तू तो घालवलाच होता. तो राग कागदावर मावणार नाही, तोंडानं काढीन.

आता एक काम कर. माझा डावा डोळा गेला आहे, उजव्या डोळ्यात सकाळी थोडा उजेड असतो. पुस्तकातलं पान मले पाठ आहे, ते नको. तुले दिसला तसा तो पक्षी लिहून पाठव.

बर्फी चौथ्याच दिवशी संपली.

निरंजन

काका, पापा जैसा बोले वैसा ही लिखा है. गलती हो तो माफ करना. जल्दी लिखिए, रोज़ पूछते हैं कि डाक आई क्या. — अनुश्री


बिरगाव
२८ ऑक्टोबर

निरंजन,

जयभीम. तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. दीपमालेनं दार वाजवलं. तिले सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोघंही सारखेच येडे, म्हणूनच जमलं.

आता पक्षी. अनुश्री, हळूहळू वाच बेटा. एक ओळ वाचली की थांबत जा.

आपण पोटावर झोपलो आहे. छातीखालचा गोटा गार आहे, बरगडीले टोचते. समोर सिंधू, पाणी राखाडी, काठाशी उथळ, गोट्यांवरून आवाज करत चाललं आहे. तुझ्या डाव्या हाताले एक मोठा चपटा दगड, डोकं खाली घालून बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्या पुढं तीन लहान गोटे. तिसऱ्याकडं पाहा. तो गोटा नाही.

टिटवीपेक्षा थोडा मोठा. पाठ त्याच दगडांच्या रंगाची, राखाडी. पोट पांढरं. छातीवर एक काळी रेघ, गळ्यात दोरा घातल्यासारखी. तोंड काळं, चुलीत फुंकर मारताना काजळी बसली तसं. आणि चोच. पुस्तकात ती लाल आहे, पण तशी लाल नाही निरंजन. करवंद पिकून काळं पडायच्या आधीची लाल. लांब, खाली वाकलेली. मधूनच तो मान खालीवर करते, बारीकशी, आपल्याच मनाशी हव म्हटल्यासारखी. मग चोच पाण्यात घालते, कानापर्यंत, आणि गोट्याच्या खाली बाजूनं शिरवते. तिथं काय आहे ते त्याले दिसत नाही. चाचपून काढते. तू ठिपका चाचपायचा तसाच.

एकदा त्यानं मान उचलून सरळ आपल्याकडं पाहिलं. तुझ्याकडं जास्त, तू हातभर पुढं होता. पाण्याचे दोन थेंब चोचीवरून घसरत टोकाशी आले आणि पडले. मग वारा आला, त्याच्या पाठीवरचं एक पीस उभं राहिलं, त्यानं ते बसवलं नाही. तसाच दोन पावलं पुढं गेला. मग उडाला, पंखात पांढरं दिसलं, आणि ओरडत वरच्या वळणाकडं गेला. तो आवाज तर तूही ऐकला आहे. तो तुझाच आहे, तो मी पुसू शकलो नाही.

अनुश्री, इथं थांब. पापाले विचार, दिसला का. आणि हो म्हणाले तर त्यांच्या चेहऱ्याकडं पाहा, मागच्या वेळी ते खोटं बोलले होते. दिसला नसेल तर पुन्हा चपट्या दगडापासून वाच.

दिसला असेल तर पुढची ओळ वाच.

इतवारी साडेदहाले येऊन राहिलो आहे, कॅमेरा न घेता. झोपला असला तर उठवीन.

धर्मपाल